थुटं मोजा

मी गोदीत माल उतरवतो आणि रात्री कविता लिहितो. पहिल्या कामाने पाठ मोडते, दुसऱ्याने झोप. शिक्षण मॅट्रिक. म्हणजे सही करता येते आणि सही कुठं करायची नाही एवढं कळतं. माझ्या आज्याला यातलं काहीच येत नव्हतं. त्याच्या अंगठ्यावर गावाने जन्मभर राज्य केलं.

संपादकांनी कविता मागितली होती. देत नाही. या खेपेला लाकडाबद्दल लिहितो.

तुम्ही म्हणाल, याचं डोकं फिरलं. वस्तीवर बुलडोझर फिरतोय, सरकारी नोकरीचं कंत्राट झालं, गावाकडं अजून वरातीतल्या नवरदेवाला घोड्यावरून खाली ओढतात, आणि हा झाडांवर लिहितोय. झाडं म्हणजे पर्यावरणवाल्यांचं खातं. रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून पक्षी बघणाऱ्यांचं. आपला काय संबंध?

संबंध सांगतो. शेवटपर्यंत वाचा, मग शिव्या द्या.

*

माझं गाव प्रकाशा. तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. तापी आणि गोमाई मिळतात तिथं. भटजी त्याला दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वर, संगमेश्वर, घाट, पिंडदान, अस्थी, सगळा कारखाना आहे. 1955 साली पुराणवस्तू खात्याने गावची टेकाडं खणली, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची खापरं निघाली. एवढ्या वर्षांत गावाला आमच्या वाड्यासाठी गावाच्या आत जागा तेवढी सापडली नाही.

खाली काळी जमीन. केळी, ऊस, कापूस, पपई. उत्तरेला मान वळवली की सातपुडा. माझा आजा सातपुड्याकडं बोट करून सांगायचा, ‘तिथलं लाकूड माझ्या डोक्यावरून नदीला गेलंय.’ गावात कुणी मेलं की महाराने सांगावा न्यायचा आणि महारानेच सरणाचं लाकूड वाहायचं. भिल्लाने तोडायचं, महाराने वाहायचं, पाटलाचं मढं जळायचं, आणि काशीचं पुण्य पाटलाला. आमचं माणूस मेलं तर त्या घाटावर पाय ठेवायची सोय नव्हती. आमच्या राखेने तापी बाटली असती.

1956 नंतर आज्याने लाकूड टाकलं ते टाकलंच. ‘आता तुमची मढी तुम्हीच वाहा,’ म्हणाला. गावाने दुकान बंद केलं, दळण बंद केलं. तो परत लाकडाखाली गेला नाही. पुढं 1958 च्या कायद्याने महार वतनं संपली. बाप मुंबईला आला. मी गोदीत. लाकडाखालून निघालेलं घर पेटीखाली आलं.

आज्याने एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगितली होती. दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की महाराची साक्ष काढायचे. महार पुढं चालायचा आणि म्हणायचा, ही शीव. कुठलं झाड शिवेचं, कुठला दगड हलवलाय, त्यालाच ठाऊक. शीव राखायची आम्ही, रात्री गस्त घालायची आम्ही, खोटं ठरलं तर डोकं फुटायचं आमचं. जमीन मात्र त्यांची.

देखरेख आमची, मालकी त्यांची. दोस्तांनो, या एका ओळीत आपला अख्खा इतिहास बसतो. उरलेल्या लेखात मी तीच ओळ उलटी करणार आहे.

*

आता गोदीत या.

पहिल्या आठवड्यात मला ओझं उचलायला कुणी शिकवलं नाही. ते आपल्याला पोटातून शिकवलेलं असतं. शिकवली ती टॅली. जहाजातून स्लिंग खाली आली की एक रेघ. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. झाला एक जोड. तसे जोड मोजत जायचं. हे कुणालाही येतं. मॅट्रिकही लागत नाही.

पण खरी गंमत पुढं आहे. टॅली एक नसते. जहाजाच्या बाजूने एक माणूस मोजतो, धक्क्याच्या बाजूने दुसरा. पाळी संपली की दोघांचे कागद एकमेकांसमोर ठेवतात. आकडे जुळले तर सही. नाही जुळले तर बोंब. उतरवणाऱ्यानेच मोजायचं, त्यानेच लिहायचं आणि त्यानेच त्यावर शिक्का मारायचा, असं चालू दिलं तर संध्याकाळपर्यंत जहाजासकट विकून खातील. हे शेठजीला कळतं, विमा कंपनीला कळतं, कस्टमला कळतं. स्वतःचा माल असला की भांडवलदाराला सगळं कळतं.

रानाच्या बाबतीत मात्र दीडशे वर्षं एकच टॅली चाललीय. झाड कुठलं तोडायचं ते खातं ठरवणार. तोडणार खातं, नाहीतर खात्याचा ठेकेदार. मोजणार खातं. परवाना खातं देणार. नाक्यावर परवाना तपासणार तेही खातं. चोरी झाली तर चौकशी? तीही खातंच. आणि तुरुंगात कोण? काटक्यांची मोळी घेऊन उतरणारी भिलाटी बाई.

*

माझ्या टोळीत एक पोरगा आहे. पावरा. अक्राणीतला, धडगावच्या पलीकडचा. बाप दरवर्षी गुजरातेत ऊस तोडायला जातो. पोरगा चुकून मुंबईला आला. एकदा डबा खाताना म्हणाला, ‘आमच्या पाड्याला रानाचा कागद मिळालाय. सामूहिक. पण रान तर रोज कमी व्हायलंय. कागद जाड होतोय, रान पातळ.’ कवी मी आहे, पण ही ओळ त्याची.

मागच्या हिवाळ्यात त्याच्यासोबत गेलो. प्रकाशावरून शहादा, तिथून घाट चढून वर. पाड्याच्या अंगाला कूप लागलेला. कूप म्हणजे तोडीसाठी आखलेला रानाचा तुकडा. खाली रस्त्याला सागाचे ओंडके रचलेले, तोंडाला रंगाने नंबर. पाड्याच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले, ‘साहेब बोलला 40 झाडं. कागद दाखवला.’ मी विचारलं, ‘तुम्ही मोजली?’ म्हणाले, ‘आम्ही काय मोजायची? ट्रक रात्री जातो.’

ट्रक रात्री जातो. हे वाक्य ध्यानात ठेवा. दिवसाढवळ्या जाणाऱ्या चोरीला खातं म्हणतात, रात्री जाणाऱ्या खात्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

ट्रक पकडणं आमच्या हातात नव्हतं. पण थुटं कुठं जातात? झाड नेता येतं, थूट नेता येत नाही. आणि खात्याचाच एक नियम आहे, जो पाड्यावरच्या म्हाताऱ्याला ठाऊक होता, कारण त्याने जंगल कामगार म्हणून जन्म काढलेला. तोडायच्या झाडावर हॅमरचा ठसा दोन ठिकाणी मारतात. एक छातीच्या उंचीला, एक पार बुडाशी. वरचा ठसा लाकडासोबत जातो, खालचा थुटावर राहतो. म्हणजे रीतसर तोडलेल्या प्रत्येक झाडाची पावती जमिनीतच उगवलेली असते.

मग काय. सकाळी पाड्यातली बारा-पंधरा माणसं निघाली. निम्म्या बाया. शाळेतल्या पोरीच्या वहीचं पान फाडलं. मी तिला शिकवलं, चार उभ्या, पाचवी आडवी. बाया पानं बाजूला सारायच्या, बुडाला हात लावायच्या, ओरडायच्या, ‘ठसा हाय!’ नाहीतर ‘ठसा नाय!’ पोरगी रेघ मारायची. एका बाजूला ठशाची, दुसऱ्या बाजूला बिनठशाची. दुपारपर्यंत हिशेब लागला. थुटं 61. ठशाची 40. बिनठशाची 21. काही थुटांवर माती टाकून पाला पसरलेला. मढं पुरल्यासारखा.

साहेबाचा कागद खोटा नव्हता. 40 म्हणजे 40. कागद कधीच खोटा नसतो, दोस्तांनो. कागदाच्या बाहेर जे असतं ते खरं असतं, एवढंच.

त्या पोरीचं पान घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो. टेबलामागच्या माणसाने पान उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, ‘ही मोजणी करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?’ मग माझ्याकडं वळून, ‘तुम्ही कोण? आडनाव काय?’ आडनाव सांगितलं. तो हसला. ‘तुम्ही तर आदिवासीपण नाही. तुमचा इथं काय संबंध?’

बघा, तुम्ही विचारलेला प्रश्नच त्याने विचारला. फक्त त्याच्याकडं खुर्ची होती.

*

त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. मोजायचा अधिकार कुणी दिला?

2006 च्या वनहक्क कायद्याने दिला. 2006 चा कायदा स्वतःच्या प्रस्तावनेत कबूल करतो की रानात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. कलम 3 सामूहिक रानाचं संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क देतं. कलम 5 ग्रामसभेला रान, प्राणी, पाणी राखायचा अधिकार देतं. नियमाप्रमाणं ग्रामसभेने त्यासाठी स्वतःची समिती करायची. म्हणजे थूट मोजायला साहेबाची परवानगी लागत नाही. उलट साहेबाने रानात पाऊल टाकताना ग्रामसभेला विचारलं पाहिजे.

पण कायदा आहे म्हणून नाचू नका. कायद्याच्या पोटात गोम आहे. गौण वनोपज ग्रामसभेचं. त्यात मोह आला, तेंदू आला, डिंक आला, बांबूही आला. इमारती लाकूड आलं नाही. साग आला नाही. म्हणजे वणवा विझवायचा तुम्ही, रोप राखायचं तुम्ही, चोराशी मारामारी करायची तुम्ही, आणि झाड ऐन भरात आलं की ते सरकारचं. आज्याची शीव आठवली? देखरेख आमची, मालकी त्यांची. तीच रीत, फक्त आता राजपत्रात छापलेली.

आणि ही रीत आजची नाही. इंग्रजाने 1878 चा जंगल कायदा केला आणि एका फटक्यात पिढ्यान्‌पिढ्या रान वापरणारा माणूस चोर झाला. जोतीरावांनी 1883 सालीच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या जंगलखात्याला फोडून काढलं. आपण जोतीरावांचे फोटो लावतो, हे पान उघडत नाही. 1927 चा कायदा अजून चालू आहे. त्याच्या कलम 28 मध्ये ‘ग्रामवन’ नावाची चीज आहे. सरकारने राखीव रान गावाला सोपवावं अशी सोय खुद्द इंग्रजाने लिहून ठेवलेली. इंग्रज गेला, सोय राहिली, गावाला रान काही मिळेना. तळोद्याच्या वनविभागाचं नाव आजही ‘मेवासी’. भिल्लांच्या मेवासी संस्थानांचं रान. संस्थानिक गेले, भिल्ल मजूर झाला, पाटीवर नाव राहिलं. ज्याचं घर लुटायचं त्याचंच नाव दाराला.

1947 च्या सुमारास मुंबई राज्यात ठेकेदार हटवून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था काढल्या. बाळासाहेब खेरांचं सरकार होतं. कल्पना चांगली होती. कूप कामगारांचा, नफा कामगारांचा. अनेक ठिकाणी झालं काय? संस्थेच्या पाठीमागं जुनाच शेठ उभा. सेक्रेटरी लिहिणार, भिल्ल अंगठा देणार. कुऱ्हाड हातात आली, वही आली नाही. वही नसली की सहकार म्हणजे शेठचाच धंदा, नुसती टोपी बदललेली. 1969 साली आणखी एक कायदा आला. आदिवासीच्या खाजगी जमिनीवरची झाडं शेठ कवडीमोलाने नेतो, म्हणून विक्री सरकारमार्फत. हेतू चांगला. पण त्यातही झाडाचा मालक दारात उभा आणि मोजणारा आत खुर्चीत.

आणि सातपुड्याचं लाकूड फक्त चोरांनी नेलं असं समजू नका. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणीतली 33 गावं बुडाली. त्या माणसांना बसवायला तळोद्याचं हजारो हेक्टर रान मोकळं केलं. म्हणजे एका भिल्लाचं गाव बुडवलं आणि त्याची भरपाई दुसऱ्या भिल्लाचं रान तोडून केली. गुजरातच्या कालव्यासाठी. 1993 साली चिंचखेडीला सर्वेक्षणाला विरोध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. रेहमल पुन्या वसावे नावाचा कोवळा पोरगा मेला. आपल्या किती जणांना हे नाव माहीत होतं? हात वर करू नका. मलाही नव्हतं. मी त्याच जिल्ह्याचा.

*

आता जिथं उलटं झालं ते सांगतो.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गोंडांचं गाव आहे. लेखा शेजारी, म्हणून मेंढा-लेखा. गाव चिमूटभर, रान सुमारे 1,800 हेक्टर. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. देवाजी तोफा हे त्यांच्यातलेच. गावाने आधी अभ्यासगट काढला. कायदा वाचला, रान मोजलं, मग भांडले. 2009 साली देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्काचा कागद मिळाला तो त्यांना आणि शेजारच्या मर्द्याला.

कागद मिळाला तरी बांबू विकता येईना. का? बांबू हे गवत. शेंबड्या पोरालाही कळतं. पण 1927 च्या कायद्यात ते झाड होतं. त्यामुळं वाहतूक परवाना खात्याच्या हातात. टीपी नाही तर माल हलत नाही. शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्रातले मंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री मेंढ्याला आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं.

पुस्तक. दोस्तांनो, पुस्तक कुणाच्या हातात आहे यावर सगळं आहे. रान तेच, बांबू तोच, तोडणारे हात तेच. पावती फाडणारा हात बदलला आणि मजूर मालक झाला. हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. लेखणीने आपल्याला बुडवलं आणि लेखणीनेच बाबासाहेबांनी वर काढलं.

आता समुद्रापलीकडं. मेक्सिकोत निम्म्याहून जास्त रान गावांच्या सामूहिक मालकीचं आहे. साग-बांबूची भानगड नाही, इमारती लाकूडसुद्धा गावचं. कित्येक गावं स्वतः तोडतात, स्वतःच्या करवती चालवतात. ओआहाका प्रांतातल्या डोंगरी गावांनी 1980 च्या आसपास कागद कंपनीची मक्तेदारी मोडून काढली. पण मला भावली ती दुसरीच गोष्ट. तिथल्या कायद्याने गावसभा दोन समित्या निवडते. एक कारभार करते. दुसरी कारभार करणाऱ्यांवर नजर ठेवते. दोन्हींत वेगळी माणसं. मुदत 3 वर्षं.

ओळखलंत? दोन टॅली. जहाजाची एक, धक्क्याची एक. गोदीतली अक्कल त्यांनी डोंगरात नेलीय.

आणि जिथं ही नजर मोडली तिथं? मिचोआकान प्रांतात चेरान नावाचं मूळनिवासी पुरेपेचांचं गाव आहे. लाकूडचोरांच्या बंदूकधारी टोळ्या दिवसाढवळ्या ट्रक भरून नेत होत्या. पोलीस त्यांचे, पुढारी त्यांचे. 15 एप्रिल 2011 च्या पहाटे बायकांनी ट्रक अडवले. दगड, काठ्या, फटाके आणि चर्चची घंटा. मग गावाने चौकाचौकात शेकोट्या पेटवल्या आणि रात्रंदिवस पहारा दिला. पोलीस हाकलले, राजकीय पक्ष हाकलले, स्वतःचं मंडळ निवडलं. तारीख पुन्हा बघा. एप्रिल 2011. त्याच महिन्यात मेंढ्याला पुस्तक मिळालं. जगाच्या दोन टोकांना ना ओळख ना देख, आणि एकच मागणी. मोजणार आम्ही.

*

आता तुमच्या शिव्या घेतो.

पहिली शिवी : ‘बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं आणि तू आम्हाला ग्रामसभा शिकवतोस? सर्वोदयी झालास काय?’

4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याची आरती ओवाळणाऱ्यांना उघडं पाडलं. शब्दन्‌शब्द खरा. मी प्रकाशाचा आहे, मला पटवायला नको. पण ते बोलले ते पाटलाच्या गावाबद्दल, जिथं एक वेशीच्या आत आणि एक बाहेर. माझी मागणी पाटलाच्या हातात रान द्यायची नाही. माझी मागणी बरोबर उलटी आहे : पाटलाच्या, ठेकेदाराच्या, साहेबाच्या हातातली वही काढून ज्याच्या पाठीवरून लाकूड जातं त्याच्या हातात द्या. ग्रामसभेत प्रत्येक मतदार बसतो. एक माणूस, एक मत, एक मूल्य. हे गांधींच्या खेड्यातून आलेलं नाही. हे संविधानातून आलंय. बाबासाहेबांनी गावाला नाकारलं आणि माणसाला मत दिलं. त्या मताने गावाचं रान मोजायचं.

दुसरी शिवी : ‘ग्रामसभा विकत घेता येते. दोन बाटल्या, एक बोकड.’

येते. पाड्यावरही पुढारी तयार झालेत, मोटारसायकलवाले, ठेकेदाराचे जावई असल्यासारखे फिरणारे. जंगल कामगार संस्थांचं काय झालं ते वर सांगितलंच. म्हणून तर म्हणतोय, नुसती समिती नको. कारभारी वेगळे आणि नजर ठेवणारे वेगळे. एका साहेबाला विकत घ्यायला एक पाकीट लागतं. अख्ख्या पाड्याला, बायाबापड्यांसकट, भर उजेडात विकत घ्यायला किती लागतील? लाच लपून चालते. पंधरा माणसं थुटं मोजत असली की लपायला जागाच उरत नाही.

तिसरी शिवी सगळ्यात खरी : ‘हा आदिवासींचा प्रश्न आहे. आपला नाही.’

1972 साली मुंबईत पँथर उभी राहिली. त्याच साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. आदल्या वर्षी पाटीलवाडीला भिल्लांवर गोळीबार झाला होता. जानेवारी 1972 मध्ये शहाद्याला भूमुक्ती परिषद भरली. अंबरसिंग सुरतवंती गावोगाव हिंडत होते आणि 1974 साली गेले. एकाच सालात दोन आगी लागल्या. 1973 च्या जाहीरनाम्यात आपल्या लोकांनी दलित म्हणजे कोण हे लिहिलं तेव्हा त्यात आदिवासी होता, भूमिहीन होता, कष्टकरी होता. मग पन्नास वर्षांत आपण किती वेळा सातपुडा चढलो? दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 ला भूमिहीनांच्या जमिनीसाठी माणसांनी तुरुंग भरले. त्यांना रान परकं वाटलं नव्हतं. आपल्याला वाटायला लागलं, कारण आपण चाळीत आलो आणि रान टीव्हीवर गेलं.

आणि मुंबईत तरी काय वेगळं? ऑक्टोबर 2019. हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत करवती लागल्या. सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत 2,141 झाडं आडवी. रात्री! इथंही ट्रक रात्रीच जातो. आरेतही आदिवासी पाडे आहेत. त्यांच्या ग्रामसभेला कुणी विचारलं? ओरिसात नियमगिरीच्या 12 ग्रामसभांना 2013 साली सुप्रीम कोर्टाने विचारायला लावलं, आणि बाराच्या बारा सभांनी खाणीला नाही म्हटलं. सरकारला तेव्हा कळलं की विचारलं तर माणसं उत्तर देतात. म्हणून 2022 च्या नियमांनी रीत बदलली. आधी दिल्लीतून रान द्यायची मंजुरी, वनहक्कांचं बघायचं काम नंतर राज्यावर. आधी मढं जाळा, मग डॉक्टर बोलवा.

आता खुर्चीवाल्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. माझा काय संबंध? कायद्यातच बघा. आदिवासी नसलेल्या रानवासीयाला हक्क हवा तर 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं तिथं राहत असल्याचा पुरावा लागतो. 75 वर्षांपूर्वीचा कागद! ज्यांना कागदाला शिवू दिलं नाही त्यांच्याकडं कागद मागतात. सातपुड्याच्या पायथ्याला, गडचिरोलीत, चंद्रपुरात रानावर जगणारी आपली माणसं या 75 वर्षांच्या भिंतीवर डोकं आपटतायत. आदिवासीला सांगतात, साग तुझा नाही. आपल्याला सांगतात, तू रानाचा नाही. आणि दोघांना एकमेकांच्या अंगावर घालतात. भिल्लाने तोडायचं, महाराने वाहायचं, जळायचं पाटलाचं मढं. नुसती चिता बदललीय.

*

म्हणून मागण्या सरळ लिहितो.

1. सामूहिक वनहक्काच्या रानात एक कुऱ्हाड चालायची तरी ग्रामसभेचा ठराव आधी. मार्किंगची यादी मराठीत आणि पाड्याच्या बोलीत, चावडीवर, मोठ्या अक्षरांत.

2. हॅमर मारताना पाड्याची माणसं हजर. तोड झाल्यावर थुटांची मोजणी ग्रामसभेची. खात्याचा आकडा आणि ग्रामसभेचा आकडा जुळल्याशिवाय टीपी फाडायची नाही. सूर्य बुडाल्यावर ट्रक हलणार नाही.

3. टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या ताब्यात. बांबूचं मिळालं, आता सागाचं. इमारती लाकडावर मालकी ग्रामसभेची.

4. कारभाराची समिती वेगळी, नजरेची वेगळी. नजरेच्या समितीत निम्म्या बाया. रानात रोज जातं कोण? त्याच जातात.

5. 75 वर्षांची अट रद्द. रानावर जगणाऱ्या दलित भूमिहीनाला पाड्याच्या ग्रामसभेत हक्काने जागा, उपकाराने नाही.

या मागण्या मंत्रालयावर चिकटवून काही होणार नाही. पाड्यावर शिकलेली पोरं आहेत, पण त्यातली निम्मी ऊसतोडीला आणि गोदीला गेलीत. आपल्याकडं पोरं आहेत. बीए झालेली, वाचणारी, रात्री दोनपर्यंत चहावर क्रांती करणारी. त्यांना सांगणं आहे, एक उन्हाळा द्या. भाषण ठोकायला जाऊ नका. शहाद्याच्याच वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता आहे, ती वाचून मगच एसटीत बसा. आपण स्टेजवर चढायचं नाही. खाली बसायचं, कायद्याचं कलम वाचून दाखवायचं, अर्ज लिहायचा, आणि वही त्यांच्या हातात देऊन परत यायचं.

त्या पोरीचं पान अजून त्या कचेरीत पडलंय. पोच दिली नाही. आम्हीही काही कच्चे नव्हतो, पान देण्याआधी दुसरं उतरवून घेतलं होतं. दोन टॅली! ते पान आता पाड्याच्या समितीच्या दप्तरात आहे. पावरा दोस्ताने गोदीचं काम सोडलं आणि तो वर गेलाय. त्याला रात्री दमदाटी झाली. घराबाहेर गाडी थांबली, नाव घेऊन हाक मारली. तो बाहेर आला नाही. सकाळी तीन पाड्यांतली माणसं त्याच्या अंगणात येऊन बसली. त्याने मला फोनवर सांगितलं, ‘बाकीच्या पाड्यांतपण थुटं मोजायला लागलेत. पोरींना वह्या कमी पडतायत.’

वह्या घेऊन मी निघालोय. सुट्टी मिळाली नाही, खाडे पडतील. पगार कापतील. कापू देत.

माझ्या आज्याने डोक्यावरचं लाकूड खाली टाकलं तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं. आपल्या हातात पेन्सिल आहे.

चार उभ्या, पाचवी आडवी. चला, थुटं मोजायला.